तत्रैव, उ. नि. आणि आयती शैली

मराठीत पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रबंधात 'ज्ञानेश्वर (२०१२)' असे लिहावे आणि ते तपासणाऱ्या कुणालाही त्यात काही खटकू नये, ही गोष्ट मला गंभीर वाटते. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये. २०१२ हे साल आहे विद्यार्थ्याने दुकानातून आणलेल्या प्रतीचे. पण ठरवून दिलेली शैली म्हणते, लेखकाच्या नावापुढे कंसात साल, म्हणून साल. विद्यार्थ्याला विचारावे तर तो म्हणतो, सॉफ्टवेअर तसेच देते. मार्गदर्शकांना विचारावे तर ते म्हणतात, विद्यापीठाने एपीए सांगितली आहे. विद्यापीठाला विचारायला जाणार कोण?

माझे म्हणणे सरळ आहे. दोष सॉफ्टवेअरचा नाही. ते बिचारे सांगू ते करते. मराठी संदर्भ कसे द्यायचे हे आपण त्याला कधी सांगितलेच नाही. मराठीची संदर्भशैली एकदा नीट ठरवणे, तिची फाइल तयार करणे आणि ती सर्वांना फुकट देणे हे मराठी विभागांचे काम आहे. ते न करता आयती शैली विद्यार्थ्यांच्या गळ्यात मारणे याला मी शिस्त म्हणणार नाही, कामचुकारपणा म्हणेन.

ज्यांना या सॉफ्टवेअरची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. पूर्वी संशोधक कार्डे करत. एका पुस्तकाला एक कार्ड. त्यावर लेखक, नाव, प्रकाशक, साल, पृष्ठ. झोटेरो नावाचे सॉफ्टवेअर हेच काम करते. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या लोकांनी ते २००६ साली काढले आणि ते आजही फुकट मिळते. तुम्ही कार्डे भरायची, लिहिताना हवे ते कार्ड निवडायचे; तळटीप आणि शेवटची सूची ते स्वतः रचते. रचना कशी करायची हे मात्र एका वेगळ्या फाइलीत लिहिलेले असते. त्या फाइलीची भाषा म्हणजे सायटेशन स्टाइल लँग्वेज, सीएसएल. अशा दहा हजारांहून अधिक शैली आजमितीला फुकट उपलब्ध आहेत. एकेका नियतकालिकाच्या नावाची फाइल आहे. वैद्यकाची आहे, कायद्याची आहे, रसायनाची आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवते. तिच्या सूचीवर विद्यापीठाच्या कचेरीने तीनदा लाल रेघा मारल्या, तेव्हा ती ही फाइल घेऊन माझ्याकडे आली. "बाई, हे वाचून तर बघा," म्हणाली. वाचली. एक्सएमएल म्हणतात त्या प्रकारचा तो साधा मजकूर आहे. आधी शैलीचे नाव आणि ओळख, मग शब्दांची यादी, मग लेखकाचे नाव कसे लिहायचे, साल कुठे टाकायचे याचे छोटे छोटे नियम, शेवटी तळटीप आणि सूची यांची मांडणी. व्याकरणाचे नियम शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्यात घाबरण्यासारखे काही नाही. घाबरावे असे आहे ते निराळेच. त्यातला प्रत्येक नियम आधी कुणीतरी ठरवावा लागतो, आणि आपल्याकडे तो ठरलेलाच नाही.

एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन. १९२९ साली काही मानसशास्त्रज्ञांनी आणि इतर मंडळींनी आपल्या नियतकालिकांतला गोंधळ मिटावा म्हणून सात पानांचे नियम केले, त्यातून ही शैली वाढली. त्यांच्या शास्त्रात प्रयोग ताजा की जुना याला महत्त्व, म्हणून साल नावाला चिकटून. त्यांच्या दृष्टीने ते अगदी योग्यच आहे. जुन्या ग्रंथांसाठी तिरकी रेघ मारून दोन सने देण्याची सोयही त्यांनी केली आहे. पण तुकारामाच्या अभंगाचा संदर्भ देताना वाचकाला काय हवे असते? गाथेची प्रत कोणती, संपादक कोण, अभंगाचा क्रमांक काय. १८६९ ते १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यात छापलेली गाथा आणि आज बाजारात मिळणारी गाथा यांत अभंगांचा क्रम जुळेलच असे नाही. नुसता पृष्ठांक दिला तर शोधणारा बसला पाने उलटत. ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवी लागते. लीळाचरित्राला पूर्वार्ध की उत्तरार्ध हे लागते आणि लीळेचा क्रमांक लागतो. गंमत म्हणजे सीएसएलमध्ये पृष्ठाऐवजी अध्याय किंवा श्लोक निवडण्याची सोय आहे. श्लोकाच्या जागी 'ओवी' छाप, असे फाइलीत एका ओळीत सांगता येते. ती एक ओळ कुणी लिहायची, एवढाच प्रश्न आहे.

आता नावांचे बघा. शेवटचा शब्द आडनाव, असे यंत्राने धरले की सूचीत 'गुरुजी, साने' अवतरतात. पाठोपाठ 'महाराज, तुकाराम' आणि 'बाबा, गाडगे'. यावर झोटेरोत साधा उपाय आहे. नावाचे दोन रकाने बंद करून एकच रकाना ठेवता येतो. मग 'साने गुरुजी' हे 'साने गुरुजी'च राहतात. पण हे करायचे असते असे कुठल्या नियमावलीत लिहिले आहे?

आद्याक्षरांचीही तीच कथा. इंग्रजीत नावाचे पहिले अक्षर उचलून टिंब दिले की झाले. मराठीत पुरुषोत्तमचा 'पु.' होतो, 'प.' नव्हे. व्यंकटेशचा 'व्यं.' होतो. श्रीपाद नारायण पेंडसे यांचे 'श्री. ना. पेंडसे' होते, आणि एखादा दक्ष लेखनिक त्यातला 'श्री.' आदरार्थी समजून काढून टाकतो! कुसुमावती देशपांडे यांना 'कु. देशपांडे' केले तर वाचणारा त्यांना कुमारी समजेल. म्हणून मराठी शैलीत नावे आखडण्याचे काम यंत्राकडे देऊच नये. फाइलीत आद्याक्षरांचा नियम घातला नाही की कार्डावर लिहिले तसेच नाव छापले जाते. तसेच नुसत्या आडनावाचे. कंसात फक्त 'देशपांडे' लिहिले तर पु. ल. की कुसुमावती की गौरी? त्याच प्रबंधात दोन देशपांडे आले तर सॉफ्टवेअर फरक दाखवू शकते हे खरे. पण मराठी वाचकाला एकच देशपांडे असले तरी पूर्ण नाव हवे असते. आपण माणसाला नुसत्या आडनावाने ओळखत नाही. पूर्ण नाव छापायला फाइलीत एक शब्द बदलावा लागतो.

टोपणनावांचा प्रश्न याहून नाजूक. 'विशाखा'वर नाव कुसुमाग्रजांचे, 'नटसम्राट'वर वि. वा. शिरवाडकरांचे. आरती प्रभूंची कविता आणि चिं. त्र्यं. खानोलकरांची कादंबरी. सूचीत ही दोन माणसे की एक? माझे मत विचाराल तर पुस्तकावर असेल तेच नाव आधी द्यावे आणि दुसरे कंसात. दुसऱ्या कुणाचे मत वेगळे असेल. असू दे, पण एकदा बसून ठरवा तरी.

आणि शब्द! पूर्वीच्या अभ्यासकांचे जुने प्रबंध उघडून पाहा. तळटिपांत 'तत्रैव' असे. 'उ. नि.' असे. संपा., अनु., आ., पृ. असे. आजच्या मराठी प्रबंधांत मराठी वाक्याखाली रोमन लिपीतले लॅटिन शब्द दिसतात, कारण आयत्या शैलीत तेच आहेत. मागचाच संदर्भ लागोपाठ आला आहे की मध्ये दुसरा येऊन गेला, हे सॉफ्टवेअर स्वतः ओळखते. पहिल्या वेळी 'तत्रैव' छाप, दुसऱ्या वेळी 'उ. नि.' छाप, एवढे त्याला सांगायचे असते. म्हणजे जे काम आपले अभ्यासक डोळ्यांत तेल घालून हाताने करत, ते आता फुकट होऊ शकते. आणि नेमक्या त्याच वेळी आपण ते शब्द टाकून दिले.

दिवाळी अंक ही तर आपली खास गोष्ट. १९०९ साली 'मासिक मनोरंजन'ने सुरुवात केली, तेव्हापासून कितीतरी मोलाचे मराठी लेखन आधी दिवाळी अंकांत आले. त्याला खंड-अंक काय लावायचा? त्याची ओळख म्हणजे 'दिवाळी' आणि साल. आयत्या शैलीप्रमाणे तपासणारा मात्र 'माहिती अपूर्ण' असा शेरा मारतो. अपूर्ण काय आहे? अंक की शैली?

सगळ्यात बोचणारी गोष्ट जात्यावरच्या ओव्यांची. एखादी मुलगी खेड्यात जाऊन, बायकांजवळ बसून ओव्या टिपून आणते. सूचीत लेखक म्हणून कोण? शैलीत गायिकेसाठी जागा ठरलेली नाही, म्हणून संग्राहकाचे नाव पडते किंवा मुलगी स्वतःचेच घालते. जिने ओवी म्हटली ती कुठेच नाही. 'पारी' या संकेतस्थळावर ओव्यांचा मोठा संग्रह आहे. तिथे गाणारीचे नाव आणि गाव दोन्ही दिलेले असते. म्हणजे करता येते. शैली ठरवताना हाही निर्णय होत असतो, की लेखक कुणाला म्हणायचे. तो निर्णय परक्या फाइलीवर सोडून आपण मोकळे झालो आहोत.

यावर ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले असे की आंतरराष्ट्रीय मान्यता हवी तर आंतरराष्ट्रीय शैली हवी. पण कार्डे वेगळी आणि शैली वेगळी, हाच तर या सॉफ्टवेअरचा गाभा आहे. प्रबंध मराठी शैलीत द्यावा. त्यातलाच लेख परदेशी नियतकालिकाला पाठवायचा तर शैली बदलावी, मांडणी क्षणात बदलते. लिपीचे काम तेवढे निराळे करावे लागेल. दुसरे उत्तर, मराठीत एकवाक्यता नाही. नसेना! जगाने दहा हजार केल्या, आपण दोन कराव्यात. तिसरे उत्तर, तांत्रिक माणसे लागतात. फाइल लिहायला एखादा जाणता मुलगा आठ-पंधरा दिवसांत शिकेल. त्यासाठी चित्ररूप संपादकही फुकट मिळतो. एक मात्र सांभाळावे. आयती शैली घेऊन बदल केले तर तिचे नाव आणि ओळख-क्रमांकही बदलावा, नाहीतर पुढच्या वेळी मूळ शैली ताजी होऊन येते आणि आपले बदल पुसून जातात.

अडचणी खऱ्याही आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. सीएसएल आकडे रोमन करून देते, देवनागरी करून देत नाही. ग्रंथाच्या भाषेप्रमाणे 'संपा.' हा शब्द बदलूनही देत नाही. जुन्या पुस्तकावरचे 'शके १८३२' तसेच सालाच्या रकान्यात भरले तर यंत्र त्याला इसवी सन समजणार. तेव्हा तिथे इसवी सन भरून शके आवृत्तीच्या रकान्यात ठेवावे लागेल. 'ज्ञ' आपल्या मुळाक्षरांप्रमाणे शेवटी की संस्कृत कोशांप्रमाणे 'ज'खाली, हेही ठरवावे लागेल. पण यातली एकही अडचण अशी नाही की जिच्यामुळे काम अडून राहावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, भाषणे झाली. म्हाइंभटांनी जिथे लीळा जमवल्या त्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे. आनंदच आहे. पण ज्या भाषेला आपल्या अभिजात ग्रंथाचा संदर्भ आपल्या रीतीने देता येत नाही, तिने दर्जा मिरवायचा कसा? २००९ च्या यूजीसीच्या नियमांपासून प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती द्याव्या लागतात. 'शोधगंगा'वर ते कुणीही उघडून पाहू शकतो. या सूच्या आता कपाटात बंद नाहीत.

मागणी मोठी नाही. कोणत्याही एका विद्यापीठाच्या मराठी विभागाने चार जाणकार, एक ग्रंथपाल आणि एक संगणक जाणणारा यांना आठवडाभर एकत्र बसवावे. संत, टोपणनावे, आद्याक्षरे, शके, आवृत्ती, ओवी, दिवाळी अंक, मौखिक साहित्य, वर्णक्रम, संक्षेप एवढ्या दहा प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. त्यांची फाइल करावी आणि सर्वांना खुली द्यावी. माझ्या त्या विद्यार्थिनीने आपल्यापुरती अर्धी फाइल केलीच आहे, शिकवण्याचे तास सांभाळून, रात्री बसून. तिची सूची आता अचूक येते. कचेरीला अजून ती चालत नाही, कारण ती एपीए नाही.