कोरम गेला झोपायला

ऑफिसात मी लॅटिनचा बादशहा. 'पर से'शिवाय माझं वाक्य सुरू होत नाही आणि 'अ‍ॅड हॉक'शिवाय संपत नाही. सीव्ही म्हणजे 'करिक्युलम व्हिटे', आयुष्याची वाटचाल. माझी वाटचाल रोज रावेत ते हिंजवडी, व्हाया ट्रॅफिक. हे 'व्हाया'सुद्धा लॅटिनच बरं का, अर्थ 'या रस्त्याने'!

तर मंडळी, मागच्या महिन्यात सोसायटीच्या लिफ्टमध्ये नोटीस लागली. रविवारी सकाळी दहाला सर्वसाधारण सभा, विषय बिल्डिंगचं रंगकाम. खाली बारीक अक्षरात : 'कोरमअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी होईल.' म्हटलं, रविवारी दहाला कोण येतंय? कोरम होणार नाही, सभा बोंबलणार. पांघरूण ओढलं आणि झोपलो.

सोमवारी हातात बिल. सगळ्यांना सारखीच वर्गणी! माझा वन बीएचके, वरच्यांचा थ्री. तडक सेक्रेटरी काकांकडे गेलो. काका कोर्टातून रिटायर झालेले.

"काका, हे प्रो रेटा हवं होतं!"

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे... प्रो रेटा."

"प्रमाणशीर म्हण की! मोठ्या घराला मोठा वाटा. मुद्दा चांगलाय. सभेत का नाही मांडलास?"

"पण कोरमच नव्हता ना!"

काकांनी शांतपणे चष्मा पुसला. २०१४च्या आदर्श उपविधींनुसार, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतली जी संख्या कमी, तो कोरम. तो झाला नाही की सभा तहकूब. पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही. हजर होते बारा जण. त्यांनी ठरवलं, ते झालं.

'कोरम' म्हणजे 'ज्यांच्यापैकी'. पूर्वी इंग्लंडमध्ये न्यायाधीश नेमण्याच्या लॅटिन हुकुमात हा शब्द असे : ज्यांच्यापैकी अमुक जण हजर हवेतच. मराठीत गणपूर्ती. काकांकडे अशी सगळ्यांची जोडी तयार. अ‍ॅड हॉक म्हणजे तदर्थ, त्या कामापुरतं. एक्स ऑफिशियो म्हणजे पदसिद्ध. साइने डाय म्हणजे बेमुदत. बोना फाइड म्हणजे सद्भावनेने. आपण कॉलेजात 'बोनाफाईड' काढायला रांग लावली, अर्थ कुणी विचारला? आणि स्टेटस को म्हणजे आपलं फक्कड 'जैसे थे'.

"मग आता जैसे थेच का?" मी रडवेला.

"एक पंचमांश सभासदांच्या सह्या आण. विशेष सभा बोलवावी लागेल."

सध्या रोज संध्याकाळी वही घेऊन दारं वाजवतोय. 'प्रो रेटा' म्हटलं की लोक मान डोलावतात. 'प्रमाणशीर' म्हटलं की सही करतात. विशेष सभाही रविवारीच घ्यायची म्हणतात, सकाळी दहाला. यावेळी दोन अलार्म लावणार आहे.

तुमच्या लिफ्टमध्ये काही चिकटवलंय का? आज वाचाच!