हिशोब होतो का याच्यावर?

या आठवड्यात आमच्या घरी राजकारणावरून एकदाही भांडण झालं नाही. श्रेय दोन टॅबना. एरवी आमची रविवारची पंगत वाद झाल्याशिवाय उठत नाही.

चिरंजीव पुण्याहून आयपॅड घेऊन आले. भोकरदनहून दाजी आणि भाची आली. भाची अकरावी सायन्सला, तिला नीटच्या तयारीसाठी ‘महाज्योती’ या सरकारी संस्थेकडून फुकट मिळालेला अँड्रॉइड टॅब. वरण वाढेपर्यंत घरात दोन पक्ष पडले होते.

मुद्दा एवढाच, की आयपॅड २०१० साली आला आणि त्याचं यंत्र अन् आतली प्रणाली दोन्ही अ‍ॅपलचीच. २०१९ पासून तिला ‘आयपॅडओएस’ असं वेगळं नाव आहे. अँड्रॉइड गूगलचं, पण टॅब करणार सॅमसंग, लेनोवो, शाओमी असे कितीतरी जण. म्हणून तो स्वस्तातही मिळतो. मात्र नवी अपडेट किती वर्षं येणार, हे ज्याच्या त्याच्या कंपनीवर. आयपॅडला ती बरीच वर्षं मिळते, पण मेमरी कार्ड त्यात जात नाही. झालं.

एवढ्यावर दीड तास भांडता येतं, हे मला माहीत नव्हतं. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याचा टॅब हातात घेतला नव्हता, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. चिरंजीव म्हणे, आयपॅड ‘स्मूद’ चालतो. स्मूद म्हणजे काय, असं विचारलं तर त्याने काचेवर बोट फिरवून दाखवलं. मीही भाचीच्या काचेवर फिरवलं. फिरलं की!

दाजी इतका वेळ गप्प जेवत होते. त्यांची तुतीची बाग आहे, रेशीम कोष ते जालन्याच्या बाजार समितीत आणतात. त्यांनी विचारलं, “हिशोब होतो का याच्यावर?”

“आता होतो, मामा.”

“आता म्हंजे? आधी नव्हता?”

चिरंजीव चाचरले. खरी गोष्ट अशी, की आयपॅड निघाल्यापासून २०२४ पर्यंत त्यात कंपनीचा स्वतःचा कॅल्क्युलेटरच नव्हता. आयपॅडओएस १८ बरोबर तो आला. दुसऱ्या कुणाचं अ‍ॅप टाकता यायचं, हे त्याने घाईने सांगितलं. दाजींनी भाकरी मोडता मोडता हात थांबवला. “चौदा वर्षं? मंग लोक घेत कामून व्हते?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही. पण जालन्यासारख्या व्यापारी गावात तो पडणारच. माझे आजोबा मोंढ्यात अडत दुकानावर मुनीम होते. पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे सगळे पाढे पाठ. शेतकऱ्याचं माप झालं की कागदाला पेन लागायच्या आत आकडा तोंडातून बाहेर. पूर्वी बाजारात भावही रुमालाखाली बोटं दाबून ठरायचे. टचस्क्रीन म्हणतात ती हीच, फक्त शेतकऱ्याला आतलं काही दिसायचं नाही. ती पद्धत बंद व्हायलाच हवी होती. पण दीडकी कुणी बंद केली?

मी दोन्ही पक्षांना विचारलं, सत्तावीस दीडे किती? दोघंही आपापल्या काचेवर वाकले. दाजी म्हणाले, “साडेचाळीस,” आणि ताक मागितलं.

दोन्ही टॅबनी नंतर तेच उत्तर दिलं. टॅब वेगळे, पण साडेचाळीसवर एकमत. भाचीला मात्र गंमत वाटली. तिने वडिलांना समोर बसवून अख्खी दीडकी टॅबवर उतरवली, प्रत्येक ओळ कॅल्क्युलेटरवर तपासली आणि कौतुकाने त्यांना दाखवली.

दाजींनी चष्मा लावून सगळी वाचली. म्हणाले, “ब्येस. याची एक झेरॉक्स काढून आण.”