दार माझे, गाडी माझी, तार कुणाची?

ओहायोत राहणाऱ्या माझ्या भाच्याने गॅरेजचे दार उघडणारा रिमोट स्वतःच्या मोटारसायकलच्या वायरिंगला जोडला. एवढे निमित्त झाले आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस त्याची हजेरी घेतली गेली. "तयार मिळतं की विकत", "वॉरंटी जाईल", "कंपनीने केलेल्यात आपण हात कशाला घालायचा?" सगळे शिकलेले लोक, त्यातले तीन तर इंजिनिअर! मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण गप्प बसवेना, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी त्याने काय केले ते तरी समजून घ्या. तिकडे बहुतेक घरांना मोटरवर चालणारे मोठे दार असते. चारचाकीत रिमोट सनव्हायजरला अडकवतात. दुचाकीवाल्याने काय करावे? घरापुढच्या उतारावर, हातात जाड मोजे, गाडीला पायाचा टेकू देऊन खिसे चाचपायचे? "हँडललाच बांध," असे एक काका म्हणाले. म्हणजे गाडी कुठेही उभी केली की घराची किल्ली लोकांच्या हाताशी!

भाच्याने रिमोट उघडला. आत ३ व्होल्टचा बटणासारखा सेल आणि गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास जाणारी. थेट जोडले तर रिमोट संपलाच. म्हणून मध्ये रिले टाकला. गाडीची वीज फक्त रिलेच्या गुंडाळीपर्यंत जाते. गुंडाळीचे चुंबक होते आणि रिमोटच्या बटणाची दोन टोके जुळतात, जणू बोटानेच दाबले. रिमोट आपल्या सेलवरच चालतो. गाडीची तार घेतली ती किल्ली फिरवल्यावरच वीज येते अशी, आणि मध्ये लहानसा फ्यूज. किल्ली काढली की बटण मुके. (हे मला दोनदा विचारावे लागले, त्याने न कंटाळता सांगितले.) यात आततायीपणा कुठे आहे, सांगा.

आता वॉरंटी. अमेरिकेत १९७५ पासून यासाठी कायदाच आहे. तुम्ही बाहेरचा सुटा भाग लावला एवढ्याच कारणाने कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. त्या जोडणीमुळेच बिघाड झाला असे दिसले, तर तेवढा खर्च ती देणार नाही, आणि ते रास्तच आहे. डीलरकडच्या माणसाने मात्र भाच्याला "तार कापलीस की सगळं गेलं" असे ठणकावले. अशी अर्धी गोष्ट सांगून गिऱ्हाइकाला भिववण्याची मला विलक्षण चीड आहे.

आणि हे गॅरेजच्या दाराचे प्रकरण थेट कोर्टात गेलेले आहे! चेंबरलेन ही दारे उघडणारी यंत्रे बनवणारी मोठी कंपनी. स्कायलिंक नावाच्या दुसऱ्या कंपनीने त्या यंत्रांवर चालणारा रिमोट काढला, तेव्हा चेंबरलेनने १९९८ च्या कॉपीराइट कायद्याचा आधार घेऊन दावा लावला. म्हणजे, तुमच्या घराचे दार तुम्ही दुसऱ्याच्या रिमोटने उघडलेत, तर तो रिमोट विकणारा गुन्हेगार! २००४ मध्ये अपील कोर्टाने तो दावा मान्य केला नाही. यंत्र विकत घेणाऱ्याला त्यातले सॉफ्टवेअर वापरण्याचा हक्क आहे, असे कोर्टाने म्हटले. तरी २०२३ मध्ये त्याच कंपनीने आपल्या इंटरनेटवरच्या सेवेला बाहेरच्या प्रोग्रॅमनी जोडायची वाट बंद केली. कोर्टात हरले तरी हौस फिटत नाही.

मला राग कंपन्यांपेक्षा आपल्या लोकांचा येतो. ज्या पिढीने रेडिओचे व्हॉल्व्ह बदलले, घरचा फ्यूज तारेने बांधला, ती आज सीलबंद डब्याला नमस्कार करते आणि मुलाने स्क्रू ड्रायव्हर उचलला की दचकते. इंजिनिअर मंडळींना मी ग्रुपवर विचारले, रिले कसा चालतो? उत्तर म्हणून अंगठा आला. नुसता अंगठा!

कशीही जोडलेली तार मी खपवून घेणार नाही, हेही खरे. फ्यूज नसलेल्या तारेने गाडी पेटू शकते. भाच्याला माझी तंबी वेगळीच आहे: दार उघडून आत शिरलास की इंजिन लगेच बंद कर. बंद गॅरेजमधल्या त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. तो म्हणाला, "आत्या, त्यासाठी भिंतीवर सेन्सर लावलाय." तोही त्याने स्वतःच बसवला म्हणे.