पात्र घ्यावं की हात तयार करावा?

नातू विचारतो, "आजोबा, गेममध्ये सध्या चालणारं पात्र विकत घेऊ का?" पैसे कुठले, तर सोयाबीन विकल्यावर वडिलांनी हातावर ठेवलेले पाचशे रुपये!

माझं मत, घेऊ नये. 'फ्री फायर'मध्ये डिसेंबर २०२० ला रोनाल्डोवर बेतलेला 'क्रोनो' आला. त्याचं संरक्षक कवच भारी, म्हणून पोरांनी हिरे खर्चून तो घेतला. २०२१ मध्ये कंपनीने ते कवचच कमजोर केलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर सरकारने भारतात तो गेमच बंद केला.

आम्हा मास्तरांना हे नवं नाही. अभ्यासक्रम बदलला की गाईड रद्दीत जातं, पण ज्याचं गणित पक्कं त्याचं काही अडत नाही. नेम, मैदानाची जाण, सोबत्यांशी ताळमेळ हे कुठल्याही पात्रासोबत चालतं.

मौज म्हणून घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. सिनेमाच्या तिकिटाचे पैसे तरी कुठे परत मिळतात? फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नये. ज्या वस्तूचा गुण दुसरा कुणी रातोरात कमी करू शकतो, ती आपली कशी?

असो. तुमच्या घरी काय चालतं, जरूर कळवा.