वहिवाट कुणाच्या बापाची?

लॉ कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला मास्तर फळ्यावर लिहितो : रूढी हा कायद्याचा उगम आहे. मग कसोट्या सांगतो. रूढी प्राचीन हवी, अखंड हवी, निश्चित हवी, वाजवी हवी. आपली पोरं मुकाट उतरवून घेतात. एकही उठून विचारत नाही, की मास्तर, वाजवी कुणाला?

दोस्तहो, हा प्रश्न महाडात विचारून झालाय. कोर्टाने तो ऐकला आणि बगल दिली.

हकिकत आपल्याला पाठ आहे म्हणून आपण ती नीट वाचत नाही. 1923 साली मुंबईच्या कौन्सिलात बोल्यांचा ठराव पास झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. 1924 च्या जानेवारीत महाड म्युनिसिपालटीने चवदार तळं खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं कागद फायलीत आणि पाणी तळ्यात. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसांनिशी पायऱ्या उतरले, ओंजळ भरली, तेव्हा कुठे त्या कागदाचा कायदा झाला. मग डोकी फुटली. मग पंचगव्य घालून तळं शुद्ध केलं. गुरं पीत होती तेव्हा नाही बाटलं, माणूस प्याला आणि बाटलं! ऑगस्ट 1927 मध्ये म्युनिसिपालटीने आपलाच ठराव गिळला. डिसेंबरात सनातनी कोर्टात गेले. तळं आमचं खाजगी आणि अस्पृश्यांनी पाणी न भरणं ही इथली जुनी वहिवाट, असा दावा.

25 डिसेंबरला महाडात पुन्हा हजारो जमले. कोर्टाचा मनाई हुकूम होता. त्या मुक्कामात बाबासाहेबांनी दोन गोष्टी केल्या. मनुस्मृती जाळली. आणि मनाई हुकूम मानून सत्याग्रह पुढे ढकलला.

आपल्यातले काही जहाल दोस्त दुसऱ्या गोष्टीवर आजही चरफडतात. एक कायदा जाळला, दुसरा का पाळला? कोर्ट तरी कुणाचं होतं? गोऱ्यांचं. वादी कोण? उच्चवर्णी. मग?

थोडं डोकं चालवू. मनूचा कायदा म्हणतो, मी वरून आलोय, मला का म्हणून विचारायचं नाही. ज्याच्याशी वाद घालता येत नाही, ज्यावर अपील नाही, तो कायदा नव्हेच, तो दांडका. तो जाळायचाच. कोर्टाचा हुकूम माणसाने काढलेला. त्याला कारण द्यावं लागतं. कारण दिलं की ते खोडता येतं. फेब्रुवारी 1928 मध्ये तो मनाई हुकूम उठलाच. बाबासाहेबांनी साहेबाच्या कोर्टापुढे मान तुकवली नाही. सनातन्यांना युक्तिवादाच्या आखाड्यात ओढलं. देवाच्या नावाने मिशीला पीळ देणाऱ्यांना साक्षीपुरावे गोळा करत फिरावं लागलं.

पण आखाडाही धुतल्या तांदळाचा नव्हता. 1931 ला महाडात जिंकलो, 1933 ला ठाण्यात जिंकलो, मार्च 1937 मध्ये हायकोर्टात जिंकलो. पाण्यासाठी दहा वर्षं! आणि जिंकलो कशावर? हायकोर्ट म्हणालं, अनादी काळापासूनची रूढी वाद्यांना शाबीत करता आली नाही. ती शाबीत झाली असती, तर ती वाजवी आहे का हे कदाचित पाहावं लागलं असतं. आता गरज नाही.

थांबा. पुन्हा वाचा. म्हणजे भटा-सावकारांकडे आणखी चार जुनी दफ्तरं सापडली असती तर? जुलूम जुना निघाला असता तर कायदेशीर ठरला असता? चोरी शंभर वर्षं चालली की ती मालकी होते काय?

उत्तर संविधानाने दिलं. कलम 13 रूढीलाही कायद्याच्याच पिंजऱ्यात उभं करतं : तू किती म्हातारी आहेस ते सांगू नकोस, माणसाच्या हक्काआड येतेस का ते बोल. कलम 17 ने अस्पृश्यताच रद्द केली. विवेक हा कायद्याचा पाया, तो असा.

पण नुसत्या विवेकाने तहान भागत नाही. याच रायगडच्या किनाऱ्यावर गावकी बसते, पंच फर्मान सोडतात, अख्खं घर वाळीत पडतं. दुकानदार मीठ देत नाही, मयताला खांदा मिळत नाही. विचारा, का? गावची रीत! सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा कायदा 2016 साली झाला, 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. छान. पण फिर्याद द्यायला पोलीस स्टेशनची पायरी चढणारा माणूस एकटा असेल, तर हाही कागद 1924 च्या ठरावासारखा फायलीत कुजेल.

वहिवाट या शब्दातच वाट आहे. वाट आकाशातून पडत नाही, पायांनी पडते. त्यांनी हजार वर्षं आपल्याला तुडवून एक पाडली. 20 मार्चला आपल्या माणसांनी तळ्याकडे दुसरी पाडली. कायदा म्हणजे डोक्याने तपासलेली आणि पायांनी मळवलेली वाट. दोन्ही लागतं.

तेव्हा पोरांनो, उद्या मास्तर फळ्यावर रूढी लिहील, तेव्हा उभे राहा. विचारा, कुणाची? आणि रविवारी पुस्तक मिटून एसटी पकडा. ज्या गावात घर वाळीत आहे, त्या घरी जाऊन पाणी मागा. चारचौघांसमोर प्या. मग त्या माणसाच्या बरोबर पोलीस स्टेशनात चला.