खरी परीक्षा ईदनंतर

मगरिबची अजान होते, खजुराने रोजा सुटतो आणि पाण्याचा पहिला घोट घशाखाली उतरतो. दिवसभराच्या तहानेनंतर त्या घोटाची किंमत काय असते, हे रोजेदाराला वेगळे सांगावे लागत नाही. नमाज होते, दस्तरखान उचलला जातो आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक ढीग उरतो. पाण्याच्या बाटल्या, खजुराचे डबे, भजी-समोशांपायी रिकामा झालेला तेलाचा कॅन. सकाळी घंटागाडी येते आणि ढीग नजरेआड होतो. त्याच घराच्या गच्चीवर भर दुपारी एखादी चिमणी गळक्या नळाखाली चोच उघडून बसलेली असते. तिच्या तहानेला इफ्तारची वेळ ठरलेली नाही.

हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी सांगितलेली एक गोष्ट हदीसमध्ये प्रसिद्ध आहे. तहानेने व्याकूळ झालेला एक वाटसरू विहिरीत उतरून पाणी प्यायला. वर आल्यावर त्याला एक कुत्रा तहानेपोटी ओली माती चाटताना दिसला. तो पुन्हा विहिरीत उतरला, पायातल्या जोड्यात पाणी भरले, जोडा दातांत धरून वर चढला आणि कुत्र्याला पाजले. एवढ्यावर अल्लाहने त्याला क्षमा केली. या गोष्टीतली दया सर्वांच्या लक्षात राहते, पण जोडा विसरला जातो. त्या माणसाकडे बादली नव्हती, दोर नव्हता. जे हाताशी होते, त्याचेच त्याने भांडे केले.

तेलाचा रिकामा कॅन हा आजच्या घरातला तसा जोडाच आहे. पाच लिटरचा कॅन साबणाच्या गरम पाण्याने धुऊन तेलकटपणा पूर्ण काढावा आणि सुकवावा. समोरासमोरच्या दोन बाजूंना तळहाताएवढ्या खिडक्या कापाव्यात. मात्र तळापासून चार बोटे जागा सोडावी, म्हणजे दाणे सांडत नाहीत. कापलेल्या कडा पक्ष्यांच्या पायांना लागू नयेत म्हणून त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चढवावी. तापवलेल्या दाभणाने तळाला चार-पाच छिद्रे पाडली की पाणी साचून दाणे कुजत नाहीत. बसायला एक काडी आरपार खोचावी आणि मुठीला सुतळी बांधून मांजराची उडी पोहोचणार नाही अशा जागी कॅन टांगावा. पतंगाचा मांजा मात्र चुकूनही वापरू नये. त्यात पाय आणि पंख अडकतात. पाण्यासाठी फुटक्या माठाचा तळ उत्तम. उन्हात स्टीलची ताटली तापते, माती तापत नाही. पाणी दोन बोटे खोल असावे, मध्ये एक दगड ठेवावा आणि ते रोज बदलावे, म्हणजे डासही होत नाहीत.

कोणी विचारील, माणसे उपाशी असताना पक्ष्यांचे लाड कशाला? प्रश्न रास्त आहे. जकात आणि फितरा हा गरिबांचा हक्क आहे आणि त्यातला एक पैसाही दुसरीकडे वळू नये. पण टाकाऊ कॅन आणि मूठभर ज्वारी यांमुळे कोणाच्या ताटातला घास कमी होत नाही. शिवाय कोणी लावलेल्या झाडाचे वा पेरलेल्या शेताचे पक्ष्याने खाल्ले, तर तेही लावणाऱ्याच्या नावे दान ठरते, असेही पैगंबरांनी सांगितले आहे.

मात्र दया आंधळी नसावी. इफ्तारची उरलेली भजी, फरसाण, पाव हे पक्ष्यांचे अन्न नव्हे. मीठ आणि तेल त्यांना सोसत नाही. ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी पुरे. पोत्याने दाणे ओतल्यास काय होते, हे २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांच्या वादाने दाखवून दिले. एकीकडे श्रद्धा आणि दुसरीकडे शेजाऱ्यांच्या फुप्फुसांची काळजी, असा तो झगडा उच्च न्यायालयापर्यंत गेला. मूठभर दाणे, रोजची झाडलोट आणि खालच्या मजल्याची फिकीर असेल, तर अशी वेळ येत नाही. आणि चिमणी केवळ दाण्यांवर जगत नाही. पिलांना ती किडे-अळ्या भरवते. म्हणून कॅनशेजारी एखादे झुडूप हवे, त्यावर औषधाची फवारणी नको.

हे काम कोणा एका धर्माचे नाही. मराठी घरात बाळाला भरवताना काऊचा आणि चिऊचा घास निघतोच. कितीतरी गावांत ओसरीला धान्याची कणसे चिमण्यांसाठी टांगलेली दिसतात. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली यांची वाट सुरू झाली, तीही लहानपणी टिपलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून. तिची ओळख पटवायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पुढे आयुष्य पक्ष्यांचे झाले. २० मार्चला जगभर साजरा होणारा चिमणी दिनही नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारातून २०१० मध्ये सुरू झाला.

चांद्र गणनेमुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. म्हणजे ईदचा शीरखुर्मा होतो, पाहुणे परततात आणि खरे ऊन त्यानंतर सुरू होते. रमजानमध्ये उत्साहाने टांगलेला कॅन नेमका तेव्हाच कोरडा पडतो. सवयीने आलेला पक्षी डोकावतो आणि रिकाम्या चोचीने परततो. थोडे असले तरी सातत्याने केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय, ही पैगंबरांची शिकवण अशा जागी कसाला लागते. महिनाभराच्या रोज्यांनी तहान काय असते ते शिकवले असेल, तर वैशाखातल्या दुपारी, जेव्हा कोणाचाच रोजा नसतो, तेव्हा फुटक्या माठाच्या तळात पाणी असले पाहिजे.