दुसरा मॉनिटर हा लाड नव्हे!

सिव्हिलचा डिप्लोमा करून आपल्या कितीतरी मुली आता बिल्डरच्या ऑफिसात इस्टिमेट काढतात. प्लॅनवरची मापं वाचायची, एक्सेलमध्ये भरायची, बांधकाम खात्याची दरसूची बघायची. एकाच मॉनिटरवर फायली पुढे-मागे करताना आकडा लक्षात ठेवावा लागतो अन् तिथंच चूक होते. ९ इंची भिंतीतल्या ४ बाय ४ फुटांच्या १० खिडक्या वजा करायच्या राहिल्या, तर १२० घनफूट, म्हणजे ब्रासभराहून अधिक वीटकाम उगाच वाढतं. टेंडर गेलं, की बोल तिलाच! शेजारी दुसरा मॉनिटर असला, की एकीकडे प्लॅन, दुसरीकडे तक्ता. मापं लगेच ताडून बघता येतात. जुना मॉनिटरही चालतो. मैत्रिणींनो, गवंडी ओळंबा मागताना लाजतो का? मग आपणही कामाचं हत्यार हक्कानं मागायचं!